उटनूरच्या उतारावर साठलेली वीज

पैनगंगा मी आयुष्यभर फळ्यावर काढत आले. सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवताना निळ्या खडूची एक वाकडी रेघ ओढायची, वर महाराष्ट्र लिहायचा, खाली आधी आंध्र, नंतर तेलंगण, आणि पुढच्या नदीकडे वळायचं. त्यामुळे नागपूरहून निघालेली बस पुलावर आली आणि खाली ते रुंद, संथ, मातकट पाणी दिसलं, तेव्हा मी शेजारच्या बाईंना चक्क कोपरानं ढोसलं. "पैनगंगा!" त्यांनी एकदा नदीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "रोजचीच हाय ते," म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले.

पुलापलीकडे कापूस सुरू झाला. दोन्ही बाजूंनी क्षितिजापर्यंत फुटलेली बोंडं, आणि मधूनच सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं. पाट्यांवर तेलुगू अक्षरं आली तरी टपरीवर माणसं मराठीतच भांडत होती. मला एकदम हायसं वाटलं.

आदिलाबादजवळच्या जैनथला उज्ज्वला घ्यायला आली होती. ती सुमनची मुलगी. सुमन आणि मी नागपूरला बी.एड. करताना एका खोलीत राहिलो. सुमनच्या आईवडलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला, सुमन शिक्षिका झाली, आणि उज्ज्वला आता एका मालवाहतूक कंपनीच्या डेपोची मॅनेजर आहे. पस्तिशीची, काटक, आणि चालताना सारखी वर छताकडे बघणारी. ही सवय का, ते मला तिच्या गोदामात गेल्यावर कळलं.

एवढं मोठं गोदाम, की आमच्या शाळेची प्रार्थना चारही तुकड्यांसकट आत मावली असती. आणि आत एकही दिवा नव्हता, तरी लख्ख उजेड. छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून उन्हाचे रुंद पट्टे खाली पोत्यांवर उतरले होते. तरंगणारा कापसाचा तंतू दिसत होता. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले.

"हे पत्रे पहिल्यापासून होते, मावशी," उज्ज्वला म्हणाली. "त्यावर कापसाचा भुगा आणि धूळ बसून बसून ते काळे झाले होते. दिवसा दिवे लावून काम चालायचं. कोणाला वर बघायचं सुचलंच नाही. आता दर महिन्याला धुतो."

फाटकाबाहेर ट्रकांची रांग होती आणि सगळ्यांची इंजिनं बंद होती. हेही तिचंच काम. पूर्वी तासन्‌तास नुसती उभी राहून गाड्या डिझेल पीत असत. आता त्या रांगेतून पोपटांचा आवाज ऐकू येत होता. मी कौतुक करायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "उद्याचं जमलं नाही तर हे सगळं दिवाळीनंतर कुलपात."

प्रकरण असं होतं. या डेपोच्या गाड्या घाट चढून उटनूरला किराणा पोचवतात आणि तिकडून कापूस आणतात. डिझेल एवढं जातं की हैदराबादच्या शेठांना डेपो परवडेना. उज्ज्वलानं हट्टानं बॅटरीवर चालणारी एक गाडी चाचणीसाठी मागवली. शेठांची अट एकच: भरून जायचं, भरून यायचं, वाटेत चार्जिंग नाही, कारण त्या जंगलात ते मिळणारच नाही. आठवड्यापूर्वीची पहिली खेप फसली होती. गाडी जैनथच्या अलीकडे, डेपोचं फाटक दिसत असताना बंद पडली आणि डिझेलच्या ट्रकनं ती ओढून आणली. गाडी विकणारे म्हणाले, गाडीत दोष नाही. शेठ म्हणाले, अजून एकदा, मग बास. या वेळी उज्ज्वला स्वतः बसणार होती. मीही बसते म्हटलं. मला घाट बघायचा होता. खोटं कशाला बोलू, गाडी बंद पडणार अशी माझी जवळजवळ खात्री होती.

सकाळी चालक भेटले. नामदेवकाका. जैनथजवळच्याच एका गावचे, घरी कापूस आणि ज्वारी, आणि तीस वर्षं ट्रकवर. खांद्यावर लाल चौकड्याची दस्ती (मोठा रुमाल). कंपनीत सगळ्यांत कमी डिझेल जाळणारे म्हणून दर दसऱ्याला शेठ त्यांना शाल देतात. म्हणून तर दोन्ही चाचण्यांना त्यांनाच निवडलं होतं.

"बसा जी बाई," ते मला म्हणाले. "डोकं सांबाळा."

सांगेपर्यंत मी डोकं आपटलं होतं.

गाडी हलली तेव्हा ती हलली हे मला कळलंच नाही. फाटक मागे जायला लागलं म्हणून कळलं. आदिलाबाद मागे पडलं, गुडीहतनूर गेलं, आणि इंद्रवेल्लीच्या पुढे रस्ता सागाच्या रानात शिरला. आता जे सांगते ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ट्रकमध्ये बसून मला जंगल ऐकू येत होतं. सागाचं वाळलेलं पान पानावर पडताना होणारा कोरडा आवाज, लांब कुठेतरी मोर, टायरखाली खडी. वळणावर वानरांची टोळी बसली होती. गाडी अगदी जवळ येईपर्यंत त्यांनी मानही वळवली नाही. मग सगळ्यात मोठ्या वानरानं आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही दार न वाजवता घरात आलो होतो.

"आमची डिझेलची गाडी एक मैल दुरून कळते त्यायले," नामदेवकाका हसून म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत होते, उज्ज्वला मात्र पूर्ण वेळ समोरच्या पडद्याकडे. त्यावर बॅटरीत किती टक्के वीज उरली तो आकडा असतो. चढाला तो भराभर उतरायचा, ते ठीकच. पण एक चढ संपून मोठा उतार लागला आणि तरी तिचा चेहरा उतरलेलाच. मी विचारलं. ती हळूच म्हणाली, "मावशी, उतारावर हा आकडा वाढायला पायजे. चाकं फिरतात ना, तीच मग मोटर फिरवतात आणि वीज परत बॅटरीत भरतात. प्रशिक्षणात दाखवलं होतं. इथे तर जागचा हलत नाही."

उताराची वीज परत बॅटरीत! मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, पोरीला विकणाऱ्यांनी चांगलंच गुंडाळलंय.

उटनूरला पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त बॅटरी संपली होती. तेवढंच अंतर परत जायचं होतं, तेही कापूस भरून. किराणा उतरला आणि हमालांनी कापसाचे बोरे (मोठी पोती) चढवायला घेतले. गाडीभोवती बघे जमले. डोक्यावर सरपण घेतलेली एक म्हातारी थांबली, गाडीच्या पोटाशी कान नेला आणि म्हणाली, "चप्पुडे लेदु! (आवाजच नाही!)" मग तिनं गाडीला नमस्कार केला. कुणी हसलं नाही. मलाही हसावंसं वाटलं नाही.

खानावळीत ज्वारीची भाकर आली, पुंटीकूर (अंबाडीची भाजी) आली, आणि ठेचा असा, की मी दोन तांबे पाणी प्यायले. उज्ज्वला जेवत नव्हती. नामदेवकाका भाकरीचा तुकडा नुसता फिरवत होते. शेवटी तिनंच विचारलं.

"काका, उतार लागला का तुमचा हात गियरच्या त्या गोल बटनावर जातो. काऊन?"

ते तांब्याभर पाणी प्यायले.

"न्यूट्रल करतो मी," ते म्हणाले. "उतार आला का गाडी मोकळी सोडून देतो. आपल्याच वजनानं घरंगळते ते. तीस वर्सं झाले म्याडम, उतारावर मी गाडीले खाऊ नाई देल्लं."

उज्ज्वलानं ताट बाजूला सारलं. का, ते मला नंतर कळलं. उतारावर गाडी न्यूट्रल करायला कंपनीत सक्त मनाई आहे. गाडी हाताबाहेर जाते, माणसं मरतात. तसा फलक डेपोत तिनंच लावलाय, आणि नियम मोडणाऱ्याला घरी पाठवायचा अधिकारही तिचाच.

"म्हणजे त्या शाली," ती सावकाश म्हणाली, "सगळ्या न्यूट्रलच्या?"

"सगळ्या नसतीन," काका म्हणाले. "दोन-तीन तरी इमानाच्या असतीन."

ती हसली. मग हसू थांबेना तिला, आणि डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की कशाचं, मला ठरवता आलं नाही. "काका, तिथंच घोळ झाला," ती म्हणाली. "डिझेलची गाडी उतारावर खाते, म्हणून तुमी तिचं तोंड बांधता. ही गाडी उतारावर कमावते. तुमी तिचे हात बांधून राह्यले."

काकांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. "मंग तवा ते माह्यामुळंच बंद पडली?"

"हो."

"अन् आज बी पडन?"

ती उठून दाराशी गेली. बाहेर हमाल शेवटचे बोरे चढवत होते. काकांनी विचारलं, थोडे कमी भरू का? ती म्हणाली, नाही, ठरलंय तसं भरू. खोटं पास होऊन काय करायचं? मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला आणि फार भीतीही वाटली.

गाडीत बसल्यावर काकांनी खांद्यावरची दस्ती काढली, त्या गोल बटनावर गुंडाळली आणि दोन गाठी मारल्या. "डोक्याले समजलं," ते म्हणाले. "हाताचं काई खरं नाई."

पहिला उतार आला. त्यांचा डावा हात आपोआप उठला, दस्तीला लागला, चटका बसल्यासारखा परत आला. गाडी मोकळी घरंगळली नाही. कुणीतरी मागून धरून ठेवावं तशी ती आपला वेग आवरत, वळणावळणानं खाली निघाली. एवढा कापूस मागे, एवढा डोंगर खाली, आणि ब्रेकवर काकांचा पाय नुसता टेकलेला. उज्ज्वलानं माझं मनगट धरलं. पडद्यावर एकोणतीस होते.

तीस झाले.

मी डोळे चोळले. एकतीस. खाली दरीत सागाची तांबूस रानं, उन्हात चमकणारं कुठलंसं तळं, आणि आम्ही त्या डोंगरावरून नुसते खाली येत होतो तर डोंगर आम्हाला काहीतरी परत देत होता. सकाळी गाडी वर चढवायला घातलेलं बळ वाया गेलेलं नव्हतं. ते इतका वेळ तिथंच, उंचीत ठेवलेलं होतं. नकाशावर समोच्च रेषा मी हजारदा काढल्या, जवळ जवळ असल्या की चढ तीव्र, मुलांनो. त्या रेषांमध्ये एवढं भरलेलं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रडू येईल असं वाटलं, तेही एका आकड्यासाठी.

"अरे बाप्पा!" काका पुटपुटत होते. "अरे बाप्पा! एवढं सगळं मी इतकी वर्सं रस्त्यावर सांडून येत होतो काय!"

"ही वीज तरी कुठली स्वच्छ, काका," उज्ज्वला म्हणाली. "मंचेरियलकडच्या कोळशाचीच असन. म्हणून तर सांडायची नाही."

उतार संपले आणि सपाटी आली, तसा आकडा पुन्हा खाली खाली जाऊ लागला. आदिलाबादपाशी काकांनी पंखा बंद केला, आम्ही घामानं निथळत बसलो. आठवड्यापूर्वी गाडी जिथे थांबली होती ते बाभळीचं झाड आलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. उज्ज्वलानं पाहिलं. झाड मागे गेलं.

फाटकात डेपोतली सगळी माणसं उभी होती, आणि शेजारी ओढून आणायचा ट्रकही, दोरखंडासकट तयार. गाडी आवाज न करता आत आली, थेट गोदामापर्यंत. पडद्यावर अजून चार उरले होते. उज्ज्वला उतरली आणि तिथंच पायरीवर बसली. मग तिनं हैदराबादला फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं: "हो शेठ. भरून. हो, नामदेवकाकाच होते." फोन ठेवून ती सगळ्यांना म्हणाली, "डेपोला कुलूप नाही. चार गाड्या अजून येणार."

माणसांनी गलका केला. काकांनी तिला बाजूला बोलावलं. "म्याडम, फलकाचं काय मंग? मले घरी पाठोता काय?"

"तुमाला चार चालक देते शिकवायला," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी त्यांना खरं सांगायचं. शालींचंसुद्धा."

"ते लय अवघड हाय," काका म्हणाले, पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परतीची बस धरली. डेपोवरून जाताना ती गाडी फाटकातून बाहेर निघत होती. चालवत होता दुसराच कुणी, आणि काका शेजारी बसले होते. खिडकीतून मला बटनावरची लाल दस्ती दिसली, दोन्ही गाठींसकट. पुलावर पैनगंगा आली तेव्हा मी कुणाला ढोसलं नाही. ती डोंगरांवरून खाली येत होती, आणि मी पूल संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

आता इकडे सांगलीकडे एसटीतून घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला की माझा जीव हळहळतो. समोरच्या चालकाला जाऊन सांगावंसं वाटतं, अहो, सांडतंय. मग माझ्या लक्षात येतं की उतार लागताच घाबरायच्या जुन्या सवयीनं माझाच हात सीटच्या दांड्यावर घट्ट आवळलेला आहे, आणि ती सवय बांधायला माझ्याकडे दस्ती नाही.