कासवांच्या वाटेत भिंत

शाळेतली माझी सहकारी सुनंदा म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीत माहेरी चल, अंडी घालायला तलावातून वर येणारी कासवं दाखवते. तेवढ्यावर मी निघाले. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत एसटीने पवनी गाठली. पुढे दिघोरीच्या बाजूला, सुनंदाच्या गावाकडे, गाड्या कमी. जाणार असाल तर सकाळीच निघा.

सुनंदाचं घर गोंडांचं. त्यांचं कुळ कासवाला आपलं मानतं, ते मारत नाही, खात नाही. अंडी घातलेल्या जागेभोवती तिची आई सायत्राबाई बाभळीचे काटे रोवते, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. धीवरांच्या जाळ्यात कासव अडकलं तर तेही तिलाच हाक मारतात.

उकड्या तांदळाचा भात आणि लाखोळीचं वरण जेवून तलावावर गेलो. पाळीला, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाला, आतून कमरेएवढी सिमेंटची भिंत, वर बाकडी, रंगीत दिवे. सुशोभीकरण म्हणे! भिंतीच्या पायथ्याशी एक कासव चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं.

सायत्राबाई चिखलात उतरल्या. कासव पदरात घेऊन त्यांनी पलीकडे धानाच्या बांधावर सोडलं. कामावरचा सुपरवायझर धावत आला आणि वन्यप्राण्याला हात लावणं गुन्हा असल्याचं सुनावू लागला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबू, भिंत बांधाच्या आधी कासवं कोठून वर येतेत, हे आमाले काहून नाही इचारलं?"

"नकाशात तसं काही नव्हतं, बाई."

माझं डोकं तडकलं. सुनंदाकडून मला कळलं होतं, कासवांची वाट मोकळी ठेवा, असं या बाईने ग्रामसभेत सांगितलं होतं. कागदावर ते उतरलंच नाही. ज्यांच्या रीतीमुळे इथे कासवं उरली, त्यांनाच कायदा शिकवायचा?

दुसऱ्या दिवशी सायत्राबाई आणि शेजारच्या चार बायांनी टोपल्यांनी माती टाकून भिंतीला उतार केला. मीही टोपल्या उचलल्या. संध्याकाळी एक कासव त्यावर चढलं, मध्येच थांबलं आणि मागच्या पायांनी माती उकरू लागलं. आम्ही दूर सरकलो.

नागपूरला येऊन मी भिंतीबद्दल वनखात्याकडे तक्रार टाकली. पोच मिळाली, उत्तर नाही. आठवड्याने सुनंदाने सांगितलं, जेसीबीने तो उतार काढून टाकला. अंडी त्यातच होती.

तुम्हाला तिथली कासवं बघायला बोलवावं, असं ठरवून हे लिहायला बसले होते. आता बोलावू की नको, हे विचारायला सायत्राबाईंनाच फोन लावला.

"या म्हणा त्याईले," त्या म्हणाल्या. "माती आमी पुन्हा टाकून राहिलो."