तिच्याबद्दल मला आलेला फोन

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रायपुरातले लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते, आणि मी एका मुलीवर जळत होते. सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

ती रायपुरातल्याच गुढ़ियारी वस्तीतली, मालधक्क्यावर हमाली करणाऱ्याची मुलगी. मी तिथे बायकांसाठी शिवणवर्ग काढला तेव्हा पहिल्या तुकडीत होती. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, यजमान रेल्वेत. मी घरच्यासारखी मराठीच बोलायची आणि ती पोट्टी वर्षभरात हुबेहूब माझ्यासारखी बोलायला लागली. बाकी सगळ्या मला दीदी म्हणत, ती एकटी काकू म्हणे. पुढे वर्गाची संस्था झाली. सर्व्हे असो, बैठक असो, तिच्यावाचून माझं पान हलत नसे. मग एक दिवस म्हणाली, “काकू, मी आपल्या पाऱ्यात, मोहल्ल्यातच, वेगळं काम सुरू करून राहिली.”

“कर ना,” मी म्हटलं. पण दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही.

लाट आली तेव्हा बाहेरगावच्या एका मोठ्या फाउंडेशनने छोट्या स्थानिक संस्थांना मदत द्यायचं ठरवलं. गल्लीबोळात त्यांची माणसं पोचू शकत नव्हती, आमच्यासारख्यांची पोचत होती. मी तीन दिवस बसून अर्ज भरला. इतक्या वर्षांचं काम, प्रमाणपत्रं, अधिकाऱ्यांच्या हस्ते सत्कार झाल्याचे फोटो, सगळं जोडलं. तिने, नंतर कळलं, फक्त फोनवर सांगितलं होतं: कुठल्या घरात सगळेच आजारी आहेत, कुठल्या घरात स्वयंपाक करायला कोणी उठू शकत नाही, कुठली म्हातारी एकटी आहे.

निवड तिची झाली. बातमीही तिनेच दिली. “काकू, ऑक्सिजनची मशीनं येऊन राहिली आपल्याकडे!”

“छान झालं,” मी म्हटलं, आणि फोन ठेवून घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. हिला माप कसं घ्यायचं ते मी शिकवलं. सही करायला मी शिकवलं. आणि आता आपल्याकडे म्हणजे तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाउंडेशनच्या बाईंचा फोन आला. “मैडम, उन्होंने आपका नाम दिया है. आपने साथ काम किया है. कैसी हैं वो?”

तिने माझंच नाव दिलं होतं. मी म्हटलं, “काम तो बहुत अच्छा करती है. बस, अकेली ही करती है. किसी को साथ लेकर चलना...” आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. खोटं काही बोलले नाही, असं मी स्वतःला समजावलं. बाई म्हणाल्या, “अच्छा हुआ बता दिया, मैडम.”

मशीनं ट्रान्सपोर्टच्या गोदामातच थांबली, तिनेच फोनवर सांगितलं. हीच आजारी पडली तर मशीनं कोण सांभाळणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण तो त्यांच्या डोक्यात मी घातला होता.

दोनच दिवसांत माझ्या वर्गात शिकवणाऱ्या बाईचा फोन. तिच्या नवऱ्याचा ऑक्सिजन उतरत होता आणि कुठल्याच दवाखान्यात खाट नव्हती. “दीदी, कहीं से मशीन मिलेगी क्या?” मी दिवसभर फोन लावले. पंडरी बाजारातल्या कापडवाल्या शेठजींना, ज्यांनी मास्कसाठी कापड दिलं होतं, समाजाच्या मंडळातल्यांना, यजमानांच्या ऑफिसात. कुठेच नाही. आणि गोदामात मशीनं बंद खोक्यांत पडली आहेत, ती कोणामुळे, हे मला ठाऊक होतं. फाउंडेशनच्या बाईंचा नंबर मी दोनदा काढला. काय सांगणार होते? की मी जळून बोलले? दोन्ही वेळा फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाबाहेर उभी. डबल मास्क, स्कूटी सुरूच.

“काकू, ते म्हणतात एकटीले नाही देत, सोबत दुसरी संस्था पाहिजे. मी तुमचं नाव सांगून दिलं. हव म्हणा ना.”

स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून मी सही केली. संध्याकाळी पहिलं मशीन त्या शिक्षिकेच्या घरी गेलं. तिचा नवरा वाचला, तीन आठवडे लागले. तो गेला असता तर हे लिहायला माझा हात उठला नसता.

पुढे दीड-दोन महिने आम्ही सोबत काम केलं, म्हणजे ती ठरवायची आणि मी करायची. तिने सांगितलं की आता मशीनपेक्षा घरोघरी जेवण पोचवणाऱ्या बायका हव्यात, तर फाउंडेशनने लगेच होकार दिला, त्या बायकांच्या विम्याचंही बघितलं. मी आयुष्यभर देणाऱ्याला काय आवडेल ते हेरून अर्ज लिहिले. ती गरज सांगायची आणि देणारे ऐकायचे. हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाहीच. एकदा डबा द्यायला गेले तर एका आजींनी विचारलं, “तुम दीदी के यहाँ काम करती हो?” आता दीदी ती होती. “हव,” म्हटलं, आणि डबा त्यांच्या हातात दिला.

गेल्या वर्षी तिच्या केंद्रात चहा पिताना मी एकदाचं सांगून टाकलं. “तेव्हा त्या बाईले मीच म्हटलं होतं, तू एकटी काम करते म्हणून.”

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं होतं मले.”

“मग सोबतीले माझंच नाव काहून दिलं?”

“तुम्ही बोलल्या ते खरंच होतं ना, काकू. आणि दुसरं कोण होतं माझं?” एवढं बोलून तिने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि आलेल्या बाईशी छत्तीसगढीत बोलायला लागली.

तिला राग आला असता तर मला हलकं वाटलं असतं. तो आलाच नाही. चहा संपेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा लाटेतही वाटला नव्हता.