झाकण नसलेला डॉक्टर

आमच्या कोमोदोरो रिवादाविया या तेलाच्या गावात वारा सुटला की माणूस खरा कसा दिसतो ते कळतं. डॉक्टर रिवारोला राजधानीतून, ब्वेनोस आइरेसहून, इथल्या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं. डाव्या कानावरचे केस हातभर वाढवून, टकलावरून नेऊन, उजव्या कानापाशी चोपडून बसवलेले. गाडीतून उतरले मात्र, ती सगळी पट्टी उजवीकडून सुटली आणि डब्याचं झाकण उघडावं तशी डाव्या बाजूवर ताठ उभी राहिली. माझी मावशी प्रयोगशाळेच्या दारातच होती. ती हसली नाही. तिने मनात नोंद करून ठेवली. नोंद करणं हेच तिचं काम.

मावशी म्हणजे नेलिदा कार्कामो. वय एकोणसाठ, प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं. तेलाची विहीर खोदताना खालून जो खडक येतो तो ती ॲसिडमध्ये विरघळवते, उरलेला गाळ स्लाईडवर घेते आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजत बसते. मोजायचं काय, तर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या, समुद्रातल्या इवल्याशा जिवांचे कोश.

"वाईट दिवस आले की हे स्वतःभोवती कोश करून तळाशी झोपतात," मावशी सांगते. "दिवस बरे आले की कोशाचा एक तुकडा ढकलून निघून जातात. घर रिकामं, दार सताड उघडं. सहा कोटी वर्षं झाली, लावायला कोणी आलं नाही मेलं."

ते दार कुठे आहे यावरून कोण कुठल्या घराण्यातला ते ठरतं. कोणाचं दार पाठीत, कोणाचं डोक्यावर.

गेल्या मार्चात मावशी एक स्लाईड घेऊन डॉक्टरांकडे गेली. "डॉक्टर, हा कुठल्याच पुस्तकात नाही. गोल पोट, पोटाला झालर, खाली दोन आखूड पाय, आणि डोक्याचा वरचा भाग अख्खा गायब. नवी प्रजाती आहे."

डॉक्टरांच्या बोलण्याची एक रीत आहे. आधी घसा साफ. मग चष्मा कपाळावर. मग "हे बघा, मला सांगायला वाईट वाटतं," आणि चेहरा असा, की घरच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेत.

"हे बघा नेलिदाबाई, मला सांगायला वाईट वाटतं. पण हा माते आहे."

"काय?"

"आपला चहासारखा प्यायचा माते हो. पाल्याचा चुरा उडून स्लाईडवर पडलाय. तुम्ही दिवसभर तुंबी हातात धरून, नळी तोंडात..."

"माझी तुंबी बाहेर खिळ्याला टांगलेली असते! सव्वीस वर्षं! आत मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही."

"असेल, असेल. पण एका स्लाईडवर पाला, तर बाकीच्यांचा काय भरवसा? शुक्रवारच्या बैठकीत मला सांगावं लागेल की तुमच्या सगळ्या मोजण्या बाद धरा. फार वाईट वाटतं."

मावशी घरी आली ती तोर्ता, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळायला बसली. राग आला की ती तळते. त्या दिवशी शेजारच्या तीन घरांना पुरेल एवढं तळलं.

"अगं, तुझ्या वह्या दाखव ना त्यांना," मी म्हटलं. "हा आधी कधी सापडला नव्हता का?"

"अकरा विहिरींत सापडलाय. सगळं लिहिलंय."

"मग?"

"पुस्तकात नाव नसलं तरी वहीत काहीतरी म्हणावं लागतं ना? टोपणनाव ठेवायचं आणि पुढे मोजायचं. एकाला मी 'सुजलेली एंपनाडा' म्हणते, सारण जास्त भरलेल्या करंजीसारखा दिसतो म्हणून. एकाला 'विहीणबाई'."

"आणि याला?"

मावशीने कढईकडे बघितलं. "डॉक्टर."

मी हसून हसून टेबलाखाली गेले. वर आल्यावर म्हटलं, "पानं नव्याने लिहून काढ. मी मदत करते."

"वहीत खाडाखोड केली तर मग मी खरंच मातेवाली," मावशी म्हणाली, आणि शुक्रवारी वह्यांची पिशवी उचलून गेली.

पुढचं मावशीने सांगितलं. डॉक्टरांचे आवाज मी काढून बघितले, तर म्हणाली, अगदी अस्सेच.

डॉक्टरांनी वही उघडली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागले. "विहीर तीन. हिरव्या वाळूच्या लगेच वर. डॉक्टर, सहा नग. सहाही डोक्यावर उघडे." घसा साफ. "विहीर सात. हिरव्या वाळूच्या लगेच वर. डॉक्टर, नऊ नग. एकाचं झाकण डाव्या बाजूने लटकलेलं." आवाज जरा खाली. "विहीर अकरा. हिरव्या वाळूच्या लगेच वर. डॉक्टर, चार. नेहमीप्रमाणे आत... पोकळ."

डॉक्टरांचा हात आपोआप डोक्यावर गेला.

"हे बघा नेलिदाबाई, हा डॉक्टर म्हणजे..."

"ते नंतर. आधी मातेचं बघू," मावशी म्हणाली. "अकरा विहिरी. दर वेळी हिरव्या वाळूच्या थराच्या लगेच वर, दुसरीकडे कुठे औषधालाही नाही. मी काय हिरवी वाळू जवळ आली की किटली चढवते? आणि पाला फाटला तर वाटेल तसा फाटेल. इथे प्रत्येकाची कड तीच, नागमोडी, तेवढ्याच कोपऱ्यांची. मोजा तुम्हीच."

डॉक्टर मायक्रोस्कोपला चिकटले ते चाळीस मिनिटं. उठले, घसा साफ केला, चष्मा कपाळावर नेला. "हे बघा, मला सांगायला वाईट वाटतं," म्हणाले, आणि या वेळी चेहऱ्यावरही वाईट वाटत होतं. "नवी प्रजाती आहे."

सोमवारी त्यांनी मावशीला बोलावलं. "टोपणनाव काही छापता येणार नाही. पण लॅटिनमध्ये... 'रिवारोले'. कानाला बरं लागतं, नाही?"

"बरं लागतं. पण या प्रजातीवरचा लेख तुम्ही लिहिणार आणि नाव स्वतःचंच देणार? लोक काय म्हणतील?"

डॉक्टरांनी दोन दिवस विचार केला. लेखावर नाव की कोशावर नाव? लेख काय, चार वर्षांत लोक विसरतात; प्रजातीचं नाव कायमचं. बुधवारी त्यांनी लेखकाच्या जागेवरून स्वतःला खोडलं. राहिली एकटी नेलिदा कार्कामो.

मावशीने वर्णन लिहिलं, वहीत लिहायची तसंच. नव्या प्रजातीचा एकच कोश मुख्य नमुना म्हणून निवडावा लागतो. उद्या जगात कुठेही वाद झाला तर तोच बघायचा. तिने विहीर सातमधला निवडला, झाकण डावीकडे लटकलेला तो. पानभर फोटो.

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला. "दुसरा नाही का एखादा? झाकण नीट बसलेला?"

"तसा एकही सापडलेला नाही, डॉक्टर."

"मग निदान ते 'आत नेहमी पोकळ' तेवढं काढा."

मावशीने घसा साफ केला. चष्मा कपाळावर नेला.

"हे बघा डॉक्टर, मला सांगायला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण ते लेखिकेला विचारावं लागेल."