ओटीच्या यादीतून गाळलेलं नाव

धाकट्या जावेचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा मी लगेच कामाला लागले. गोळ्यांच्या वेळा लिहून तिच्या फ्रिजवर चिकटवल्या. नातेवाइकांना फोन करून बजावलं, तिला काही विचारू नका. आमची घरं तळेगावात एकाच गल्लीत, त्यामुळे दुपारचा डबा रोज मीच पोचवायची. दीड महिन्याने ती पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली आणि मला वाटलं, सावरली.

मग लोणावळ्याला नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण ठरलं. व्यवस्था माझ्याकडे. ओटी भरायला पाच जणी हव्या होत्या. नणंद फोनवर चाचरत म्हणाली, "वहिनी, धाकटीला नको ना? तिलाच त्रास व्हायचा." मला पटलं. वहीत तिचं नाव खोडून मी शेजारणीचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती रिकामे डबे परत करायला आली. वही ओट्यावर उघडीच होती. तिने वाचलं.

"पाच झाल्या का ताई?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून."

"मला त्रास नको, की तिला माझी नजर नको?"

मी वही मिटली. दोन्ही खरं होतं.

दुधवाल्याला एक पिशवी कमी टाका म्हणून सांगावं, तशा आवाजात ती म्हणाली, "उद्यापासून डबा नको. तो मी कामाच्या मावशींनाच देते. मला चव लागत नाही. झोप नाही. सकाळी वाटतं, जागच आली नसती तर बरं."

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आल्यापासून."

मी खुर्ची ओढून बसले. रोज बाहेर जाता जाता तिच्या दारात स्कूटर चालू ठेवून मी "जेवून घे गं" म्हणायची आणि निघायची. एकदाही आत बसले नव्हते.

तिला घरी जाऊ दिलं नाही. दिराला बोलावून घेतलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी संध्याकाळीच घेऊन या म्हणून सांगितलं. मी फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "बाळ कोणी पाहिलं होतं?"

"मी."

"मला अजून कोणी सांगितलं नाही, काय होतं ते."

पुरण्यापर्यंतचं सगळं मीच तासाभरात उरकलं होतं. हे सांगायचं राहिलं, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मुलगी होती," मी म्हणाले.

ती माझ्याजवळ येऊन बसली. "केस होते?"

"बारीक लव होती. कपाळावर."

"अजून सांगा," ती म्हणाली.