टिकल्या जागेवर असताना चिन्हे हलविल्याबाबत

तक्रारदार: मी स्वतः, वय बावन्न, राहणार नागपूर, धंदा अर्जलेखन, शिक्षण नववीपर्यंत शाळेत व त्यापुढील स्वतःच्या हिमतीवर.
ज्यांच्याविरुद्ध तक्रार: माझ्या संगणकाचा पडदा ज्यांनी बदलला ते सर्व. नावे का नाहीत, याचा खुलासा पुढे येईल.
घटनेचा दिवस: दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळी अकरापासून पाचला दहा मिनिटे कमी असेपर्यंत.
साक्षीदार: पारशिवनीकडील एक आजी, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाई. पैकी दुसऱ्या साक्षीदार घटनेच्या वेळी हसत होत्या, हे नमूद करणे भाग आहे.

तहसील कचेरीबाहेरच्या टिनाच्या शेडमध्ये मी सत्तावीस वर्षे बसतो. पूर्वी हाताने लिहीत असे. पुढे जावयांनी एक जुना संगणक आणून दिला व त्यात ओपन सोर्स नावाची प्रणाली घातली. ती विकत घ्यावी लागत नाही, असे ते म्हणाले. जावयाने दिलेली वस्तू परत करण्याची पद्धत आमच्याकडे नसल्यामुळे मी ती स्वीकारली.

पडद्यावरील इंग्रजी अक्षरे वाचण्यात वेळ जाऊ नये, म्हणून मी एक व्यवस्था बसविली. सौ.च्या पाकिटातील टिकल्या घेऊन त्या पडद्याच्या काचेवर चिकटविल्या. लाल टिकलीखाली अर्जांच्या फाइलींचे कपाट, हिरवीखाली छपाई, पिवळीखाली टंकलेखन. बाण टिकलीखाली न्यायचा आणि दाबायचे. या व्यवस्थेवर मी दोन वर्षांत असंख्य अर्ज काढले आणि एकदाही चुकलो नाही.

आता मूळ प्रकरण. आजींचे वडील वारले आणि भावाने शेत एकट्याच्या नावावर चढवून घेतले. त्या फेरफारावर हरकत नोंदविण्याचा शेवटचा दिवस म्हणजे तो सोमवार. मसुदा आदल्या गुरुवारीच तयार होता, चार पाने. आजींनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला होता. "ऐकू द्या गा भाऊ, मस्त लिहिलं तुमी," असे त्या म्हणाल्या, म्हणून चौथ्यांदाही मी आपण होऊन वाचला. छापायचा तेवढा राहिला, कारण शाई संपली होती व ती सोमवारी सकाळी मिळाली.

शनिवारी काम आटोपताना पडद्यावर एक लांबलचक इंग्रजी मजकूर आला. खाली दोन चौकटी होत्या. वरून आलेल्या कागदाला नकार देऊ नये, हा आमच्या धंद्यातील पहिला नियम आहे. मी होकाराची चौकट दाबली. यास संमती म्हणता येणार नाही. तो शिष्टाचार होता.

सोमवारी आजी समोर येऊन बसल्या. मी यंत्र सुरू केले. तळाची पट्टी उठून डाव्या बाजूला उभी राहिली होती आणि दर्शनी भागावर एकही फाइल नव्हती. तथापि टिकल्या जागेवर होत्या, सबब मी विचलित झालो नाही. लाल टिकलीखाली दाबले. यंत्र बंद झाले.

पुन्हा सुरू केले, पुन्हा दाबले, पुन्हा बंद झाले.

"काहून गा भाऊ, घडीघडी बंद काहून करून राहिले?" आजींनी विचारले.

"मी नाही करत आजी, ते आपोआप होऊन राहिलं."

तिसऱ्या वेळी मी हिरवीकडे वळलो. छपाई करणारच, मग कपाटाची गरज काय, असा माझा विचार होता. छपाईऐवजी पडद्यावर एका डोंगराचे चित्र आले. पुन्हा दाबल्यावर तलाव आला. त्यानंतर पिवळी फुले.

"डोंगर चांगला होता," आजी म्हणाल्या. "पण माहा अर्ज कुठी हाय?"

झेरॉक्सवाल्या बाई गिऱ्हाईक सोडून पाहायला आल्या. "भाऊ, टिकल्या काढून दुसरीकडे लावा न."

"बाई, मी टिकल्या बरोबर लावल्या आहेत. चूक त्या बाजूची आहे."

"मंग त्या बाजूले सांगा. मी वहिनीले सांगतो का एक पाकीट अजून पाठवा म्हणून?"

मी टिकल्या तशाच ठेवल्या. जावयांना फोन लावला.

"मामाजी, अपडेट झालं असंल. फाइली कुठीच गेल्या नाहीत, फक्त चेहरा बदलला. मी येतो न रविवारी."

"रविवारी मुदत संपलेली राहील. हे बदललं कोणी? मालक कोण आहे याचा?"

"मालक नाही कोणी. जगभरातले लोक मिळून बनवतात, फुकट. त्यांना वाटलं, असं सोपं पडते."

"कोणाले सोपं पडते?"

मी फोन ठेवला. सत्तावीस वर्षांत मी सरपंचापासून मंत्र्यापर्यंत सर्वांविरुद्ध अर्ज लिहिले, परंतु ज्याला मालक नाही, कचेरी नाही, आवक खिडकी नाही, अशा पक्षाशी माझा कधी संबंध आला नव्हता.

तिन्ही टिकल्या पुन्हा पुन्हा दाबून पाहण्यात चार वाजायला आले. आजींनी पडद्याकडे पाठ फिरविली. "कागद घ्या गा. मी सांगतो, तुमी लिहा."

आणि त्यांनी सांगितले. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" इथपासून, माझेच शब्द, माझ्याच क्रमाने, मी जिथे श्वास घेतला होता तिथे श्वास घेऊन. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने चार पाने चार वेळा ऐकून ठेवली होती. दुसऱ्या पानावर मी एक वाक्य गाळले, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर बोट ठेवले. "इथी माह्या बापाचं नाव होतं."

माझा हात दुखत होता, तरी अक्षर बिघडू दिले नाही. झेरॉक्सवाल्या बाई दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होत्या आणि तेवढ्यापुरत्या हसत नव्हत्या. पाचला दहा मिनिटे कमी असताना आवक खिडकीत शिक्का पडला. आजींनी पोच पदराच्या गाठीत बांधली.

"पुढच्या बारीले हातानंच लिहजा," त्या म्हणाल्या. "त्याचा काही भरोसा नाही."

रविवारी जावई आले. फाइली सापडल्या. छापील मसुदा हस्तलिखिताच्या प्रतीशी ताडून पाहिला असता एका ठिकाणी फरक आढळला. मी "हिस्सा मिळावा" असे लिहिले होते, आजींनी "हिस्सा माझाच आहे" असे सांगितले होते. आजींचे वाक्य अधिक चांगले आहे, हे मी येथे प्रथमच कबूल करीत आहे. सुनावणीची नोटीस त्यांना आली आहे.

जावयांच्या म्हणण्यानुसार या लोकांकडे तक्रार टाकण्याची एक जागा आहे, परंतु तेथे इंग्रजीत लिहावे लागते. मी मराठीत लिहीत आहे. त्यांच्याकडे शेकडो माणसे आहेत, एखादा वाचेल. तरी विनंती की, यापुढे पडद्यावरील कोणतीही वस्तू हलविण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस समजेल अशा भाषेत लावावी, हरकती मागवाव्यात, आणि बंद करण्याचे बटण माझ्या लाल टिकलीखालून उचलून अन्यत्र ठेवावे. फुकट काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्या सोमवारी मीही फुकटच लिहिले. उत्तर माझ्या शेडच्या पत्त्यावर, शक्यतो हाताने लिहून पाठवावे.

सोबत: टिकल्या तीन, जशा होत्या तशा.