फातमाबीचा तवा

"डागदर, बी गेली..." दवाखान्याच्या पायरीवर उभ्या उभ्याच रामा गुराख्याने सांगितले. रेवदंड्याच्या बाजारात बोकडाची वजडी, म्हणजे पोट-आतडी, साफ करून विकणाऱ्या फातमाबी वारल्या, त्याला आता महिना होत आला. त्यांच्यावर लिहायला बसलो की डोळे भरून येण्याऐवजी माझ्या अंगात उत्साहच संचारतो, त्याला मी तरी काय करू! माझ्या नोकरीतला सगळ्यात भारी दिवस मला त्या बाईंनी दाखवला.

तेव्हा मी इथे गुरांचा डॉक्टर म्हणून नवा होतो आणि शिष्ट तर विचारू नका. भातकापणी उरकली होती. चौलजवळच्या एका वाडीत वासरे पटापट मरू लागली. पाण्यासारखी हगवण, जबड्याखाली सूज, आठवड्याभरात खेळ खलास. मी ऐटीत गेलो आणि मेलेल्या वासराचे यकृत उघडले. यकृतातल्या पानासारख्या चपट्या किड्याचे चित्र मला तोंडपाठ होते ना! पण यकृत लख्ख. दुसऱ्या वासराचेही तसेच. तोवर वाडीने आपला निकाल लावूनही टाकला होता. रामाने गुरांना काहीतरी चारले म्हणे. शनिवारी गावकी बसणार आणि त्याला बायकापोरांसकट वाडीबाहेर काढणार, असे ठरले होते. रामा मला म्हणाला, "सगलीकडं सुकलं व्हतं, डागदर. म्हून बांधाखालच्या वलीत नेत व्हतो... तितं हिरवं गवत हाय." बस, एवढाच त्याचा गुन्हा.

शुक्रवारी सकाळी तिसरे वासरू गेले. या वेळी मी पोटाचा पहिला मोठा कप्पा उघडला, तर आतल्या अस्तराला डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालसर किडे चिकटलेले! सापडला चोर, असे म्हणत मी जवळजवळ नाचलोच. मग वाटले, माझ्यापेक्षा जास्त पोटे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना एकदा दाखवावे. वासराची आतडी-पोट बादलीत घालून फातमाबींचे परसदार गाठले. त्यांनी वाकून पाहिले आणि चक्क हसल्या. "या दाण्यांनी मेलं? अरे डागदर, चांगल्या धट्ट्याकट्ट्या बोकडाच्या वजडीतून मी हे रोज खरवडते!" माझा चेहरा खर्रकन उतरला. त्या मात्र बादलीकडेच बघत होत्या. "हे तर मोठे झालेले. यांची पिल्लं कुठं राहतात, ते बघितलंस काय?"

नव्हते बघितले! कुठल्या पुस्तकानेही मला असे विचारले नव्हते. पोटाच्या पुढचे लहान आतडे उघडले, तर ते लालभडक आणि सुजलेले. आतले सगळे खरवडून पाण्यात घातले, गाळ खाली बसू दिला, वरचे पाणी ओतले, पुन्हा पाणी घातले. उरलेला गाळ माझ्या सरकारी पांढऱ्या ताटात घेऊन डोळे फुटेस्तोवर पाहिला. काही नाही! "पांढऱ्यावर पांढरं कसं दिसेल रे तुला?" असे म्हणत त्या तडक चुलीपाशी गेल्या आणि आपला रोजचा भाकरीचा तवा घेऊन आल्या. मी म्हटले, "बी, अहो, मेल्या जनावराची घाण ही! भाकरी कशावर भाजाल?" "त्या रामाची पोरं भाकरी कुठं खातील, ते बघ आधी."

तव्यावर ते गाळाचे पाणी ओतले मात्र... अहो, काय सांगू! काळ्या लोखंडावर तांदळाच्या कण्यांएवढे शेकडो फिकट ठिपके, आणि ते हलत होते! भिंगाखाली एकेक घेतला. पानासारखा चपटा मुळीच नाही, चांगला जाडजूड, पुढे एक चूषक, म्हणजे चिकटायची वाटी, आणि मागच्या टोकाला त्याहून मोठा दुसरा. हाच तो, पोटातला किडा, आणि ही त्याची पिल्ले आतड्याचे अस्तर कुरतडत होती. मी ओरडलो, फातमाबी ओरडल्या, शेजारची कोंबडीसुद्धा ओरडत पळाली.

दुसऱ्या दिवशी गावकीत मी तवा आणि भिंग मधोमध ठेवले. वाडीच्या म्हाताऱ्या पाटलांनी डोळा लावला आणि दचकून मागे सरकले. "आरं, ह्ये तं जित्तं हाय!" मग सगळ्यांना बांधाखालच्या वलीवर, म्हणजे त्या ओलसर दलदलीच्या तुकड्यावर, नेले. तिथल्या गोगलगायींतून हा किडा गवतावर येतो आणि चरताना वासरांच्या पोटात जातो, हे समजावले. त्याच दुपारी वलीला काटेरी कुंपण पडले. रामा वाडीतच राहिला. फातमाबींनी मात्र दुसरा तवा घेतला आणि हा माझ्याकडे धाडून दिला.

त्या दिवशी ती बातमी सांगून रामा लगेच गेला नाही, दवाखान्यात तवा टेकवून ठेवलेल्या भिंतीखालीच बसून राहिला. मी माझ्या त्या वेळच्या अहवालाची प्रत काढली. चार पाने, शेवटी माझी लफ्फेदार सही. तव्याच्या जागी लिहिले होते, 'काळ्या भांड्यात तपासले.' बींचे नाव कुठेच नाही. शरमेने कान तापले माझे. टाक घेतला, ती ओळ खोडली आणि वर नवी लिहिली.

"काय लिवलंत, डागदर?" रामाला अक्षर येत नाही.

मी वाचले, "फातमाबी यांच्या तव्यावर, त्यांच्या सांगण्यावरून तपासले."

त्याने शेजारच्या तव्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पुन्ना वाचा."