सुतकातली सहा मशीनं

मंगळवारी सकाळी हे गेले. पडवीत उभे होते. हातात पंख्याची जाळी होती, ती पुसत होते. मी चहा टाकला होता. जाळी पडल्याचा आवाज आला. दुपारी त्यांना नेलं.

अग्नी पुतण्याने दिला, कारण आमचा एकुलता मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे आणि तेव्हा जहाज भर समुद्रात होतं. त्याच्या जागी दुसरा माणूस पुढच्या बंदरात चढणार होता. त्या बंदराला अजून तीन आठवडे होते. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो म्हणाला,

"आई, बाबांची मशीनं चालू आहेत ना?"

"आहेत वाटतं. आवाज येतोय."

"चालू आहेत. मला इथे दिसतायत. सहाही हिरवी आहेत. मी येईपर्यंत बंद नको करूस."

"मला त्यातलं काय कळतं?"

"गरम होऊ देऊ नको, बस. बाकी ती आपली आपण चालतात."

मी बरं म्हटलं. आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवलं आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळल्या. पडवीतली ती मशीनं म्हणजे लोखंडी मांडणीवर ठेवलेले सहा उघडे संगणक होते आणि त्यांतून आभासी नाणी निघतात, असं हे सांगत. मी दोनदा समजून घ्यायचा प्रयत्न केला होता. जगभरची मशीनं दिवसभर कोडी सोडवत बसतात आणि ज्याचं आधी सुटेल त्याला नाणं मिळतं, इतपत कळलं. ती कोडी कशासाठी, असं विचारल्यावर हे म्हणाले होते, "तू शब्दकोडं सोडवतेस ते कशासाठी?" त्यानंतर मी विचारलं नाही.

अलिबागेजवळ समुद्राला लागून आमचं गाव आहे. ह्यांनी तीस वर्षं खताच्या कारखान्यात तापमानाच्या तबकड्यांवर नजर ठेवली. निवृत्तीनंतर घरात तापणारं काही नव्हतं. माझा स्वभावही थंड. म्हणून मुलाच्या सल्ल्याने त्यांनी ही जुनी मशीनं आणली. मला ताप आला तर ते गोळी कुठे आहे ते सांगत. मशीन तापलं तर चपला न घालता धावत.

मुलाने मशीनं बंद करू नको असं का म्हटलं, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. ह्यांचा फोन मी पहिल्यांदा उघडून पाहिला. आमच्या घरात बापलेक फारसे बोलत नसत. "जेवलास का" झालं की हे फोन माझ्या हातात देत. पण त्या सहा मशीनांचे सहा ठिपके दोघांच्याही फोनवर दिसत. ठिपका पंचाहत्तर अंशांपर्यंत हिरवा, त्यापुढे पिवळा, पंच्याऐंशीनंतर लाल. नव्वदला मशीन स्वतःच बंद पडतं. मुलगा सकाळी लिहायचा, "चार नंबर ७७." हे पंखा सरकवायचे आणि लिहायचे, "७१." तो लिहायचा, "ओके." दोन वर्षांचा सगळा पत्रव्यवहार असा होता. मला तो वाचायला अर्धा तास लागला.

तो भर समुद्रात होता. बापाचं तोंडही त्याला पाहता आलं नव्हतं. त्याच्याकडे होते ते सहा ठिपके, आणि ते आता माझ्यावर होते. बाहेर वैशाख सुरू होत होता.

मी पुस्तकातली बाई. जुन्या राजवाड्यांवरच्या एका पुस्तकात दारा-खिडक्यांना ओले पडदे लावून महाल थंड ठेवत, असं वाचल्याचं आठवलं. मी गोणपाटं भिजवून पडवीच्या खिडक्यांना टांगली. तासाभरात भिंती घामेजल्या, मशीनं पिवळी झाली आणि माझं लुगडं अंगाला चिकटलं. भेटायला आलेली माणसं घाम पुसू लागली. जी उशिरा आली त्यांना ही सगळी डोळे पुसतायत असं वाटलं, म्हणून तीही लगेच डोळे पुसू लागली.

आमच्याकडे भेटायला येणारी माणसं बोलत नाहीत. पाय धुतात, बसतात, छताच्या पंख्याकडे बघतात. मग कोणीतरी विचारतं, "नेमकं काय झालं?" आणि मला जाळीपासून सगळं सांगावं लागतं. सांगून झालं की नवीन माणूस दारात पाय धूत असतो.

त्या दिवशी ह्यांच्याबरोबर कारखान्यात काम केलेले एक गृहस्थ आले होते. मी जाळीपासून सुरुवात करणार एवढ्यात त्यांनी मान वळवली.

"वहिनी, आत काय घोंघावतंय?"

मी त्यांना पडवीत नेलं. त्यांनी गोणपाट हाताने दाबून पाहिलं.

"हा उपाय कोरड्या मुलखातला. आपली हवा आधीच ओली. ओल्या पंच्याने ओलं अंग पुसून काय होणार?"

त्यांनी गोणपाटं उतरवली आणि दोन तास मशीनांपुढे उकिडवे बसले. जाताना म्हणाले, "उद्या येतो." काय झालं, ते त्यांनी विचारलंच नाही.

ते गावात बोलले असावेत. दुसऱ्या दिवसापासून येणारा प्रत्येक जण पाय धुऊन सरळ पडवीत जायचा. मरणावर काय बोलावं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण गारव्यावर प्रत्येकाचं मत होतं. जमीन सारवा. कौलांवर पेंढा टाका. मशीनं विहिरीच्या काठाला न्या. एकाने त्यांच्या पाठीला चंदनाचा लेप सुचवला. तो बहुधा गंमत करत होता, पण सुतकाच्या घरात कोण गंमत करतंय हे ओळखणं कठीण असतं. मी सगळं ऐकून घेत असे. जाळीची गोष्ट सांगावी लागत नव्हती.

उपाय सापडला तो शेजारणीकडून. ती कोळीण, त्यांची मासेमारीची बोट आहे.

"बाय, ताप आयलाय तं बरफ लाव," ती म्हणाली. "आमचं म्हावरं चार चार दिस ऱ्हातं बरफात. ही तं लोखांडाची हायेत."

पुतण्या, चाळिशीतला, वजनदार माणूस, तिच्याबरोबर धक्क्यावर गेला आणि बोटीवरच्या बर्फाचे दोन खोके खांद्यावरून घेऊन आला. खोक्यांमागे पंखा लावला. अर्ध्या तासात सगळे ठिपके हिरवे झाले. ह्यांच्या फोनवर मुलाचा निरोप आला, "ओके." मला आलेला तो पहिला.

पण ते खोके मासळीचे होते. पंखा चालू असल्यामुळे वास पडवीतून माजघरात, माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून रस्त्यावर गेला. पहिल्यांदा मांजरं आली. सात होती. भेटायला आलेल्या माणसांसारखीच ओळीने बसली आणि काही बोलली नाहीत. मग माझी थोरली जाऊ आली. ती उंबऱ्यातच थांबली.

"अगं, दहावं व्हायचंय अजून. सुतकात मासळी शिजवतेस?"

"मासळी नाही ताई, बर्फ आहे."

"बर्फाला सुरमईचा वास?"

"कोळंबीचा," शेजारीण आतून म्हणाली. "सुरमय आता हाय कुठं."

जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मांजरांकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावून बसून घेतलं. त्या चार दिवस तशाच बसल्या. बर्फ चार दिवस येत राहिला.

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कधी कधी कावळा शिवायला तास तास लागतो, लोक हात जोडून मेलेल्याच्या राहिलेल्या इच्छांची यादी म्हणत बसतात. आमचे गुरुजी पाणी सोडून वळतात न वळतात तोच पाच कावळे उतरले. एक तर पुतण्याच्या खांद्यावर बसता बसता राहिला. माणसं गहिवरली. "कसलीच इच्छा मागे ठेवली नाही हो," असं बायका म्हणाल्या. पुतण्याच्या सदऱ्याला चार दिवसांच्या खोक्यांचा वास येत होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर जाऊबाईंनी मात्र निकाल दिला. तेराव्याला एवढी माणसं जेवायला येणार, हा वास चालणार नाही. बर्फ बंद.

कारखान्यातल्या गृहस्थांना हे आवडलंच. त्यांचं पहिल्यापासून म्हणणं होतं, की गारवा आणायचा नसतो, उष्मा घालवायचा असतो. मशीनांच्या पाठीमागून निघणारी गरम हवा पडवीतच फिरत राहते. ती पकडून खिडकीबाहेर सोडणारा एक लांब बोगदा हवा. कापडाचाही चालेल, पण सुती आणि घट्ट विणीचं कापड पाहिजे.

जाऊबाई आत गेल्या आणि ह्यांच्या लुंग्या घेऊन आल्या. तेराव्याला त्या कोणाला तरी देऊन टाकायच्या होत्या. आमच्या कुळात त्यांच्याइतकं शिवण कोणाला येत नाही. त्यांनी दुपारभर बसून अकरा लुंग्यांची एक नळी शिवली. एक तोंड मशीनांमागच्या चौकटीला बांधलं, दुसऱ्या टोकात हवा खेचणारा पंखा बसवून ते खिडकीतून बाहेर काढलं. मशीनांकडच्या तोंडाशी त्याहून मोठा पंखा नळीत हवा फुंकत होता. बटण दाबल्यावर लुंग्या हळूहळू फुगल्या. निळ्या चौकड्या ताणल्या, मध्ये पोट आलं.

जाऊबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "अस्सेच पडायचे दुपारचे."

तेवढ्यात गल्लीतून शेजारणीचा आवाज आला, "बाय, तुज्या खिडकीतशी कोन उतरतंय गो?"

आम्ही दोघी हसलो. सुतकात हसू नये म्हणून तोंडावर पदर धरला, तरी आवाज बाहेर गेलाच.

सहाही मशीनं हिरवी राहिली. तेरावं उजाडेपर्यंत.

तेराव्याला दुपारी व्होल्टेज उतरलं. उन्हाळ्यात आमच्याकडे ते उतरतंच. गंमत अशी की कमी व्होल्टेजवर संगणक तसेच चालतात, पंखे मात्र दमतात. खिडकीतला पंखा पाती मोजता येतील इतका हळू झाला आणि लुंग्या खाली बसल्या. पहिली पंगत मांडली होती, पत्रावळी पडल्या होत्या, वाढायला सुरुवात व्हायची होती. फोन वाजला.

"आई, तीन नंबर ८८ आहे. बाकीची पिवळी. पंखे बंद आहेत का?"

मी पडवीत धावले. ओटीवर पडलेली एक कोरी पत्रावळ उचलली आणि तीन नंबरला वारा घालू लागले. माझ्या एकटीच्या वाऱ्याने काय होणार होतं? आकडा ८९ झाला. मी कधी मोठ्याने हाक मारत नाही. वर्गातही मारली नाही. त्या दिवशी मारली.

पहिल्यांदा जाऊबाई आल्या, हातात सूप होतं. मग पुतण्या, शेजारीण, गुरुजी, आणि पानावर बसलेली माणसं आपापली पत्रावळ घेऊन. पडवीत उभं राहायला जागा उरली नाही. कारखान्यातले गृहस्थ उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "गर्दी नको. पाळ्या लावा. पहिली पंगत जेवेल, दुसरी वारा घालेल. मग उलट." आणि त्यांनी एका मशीनला तीन असे अठरा जण मोजून उभे केले. जाऊबाईंनी तीन नंबर सोडला नाही. त्यांची पाळी संपली तरी.

पाऊण तासाने मुलाचा पुन्हा फोन आला.

"आई, व्होल्टेज आलं का?"

"नाही अजून."

"मग उतरलं कसं? तीन नंबर ८१ दाखवतोय."

"माणसं वारा घालतायत."

"कशाने?"

"पत्रावळींनी. पहिली पंगत जेवतेय, दुसरी घालतेय. गुरुजी पाच नंबरला आहेत."

तिकडून आधी नुसता इंजिनाचा आवाज आला. मग तो हसला. खूप वेळ हसला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. तेरा दिवसांत तो माझ्याजवळ रडला नव्हता. समोर ह्यांचा फोन होता, त्यावर आकडे होते. मी म्हटलं, "७९." थोड्या वेळाने म्हटलं, "७७." तो ऐकत होता. "७४" म्हटल्यावर तो म्हणाला, "ओके, आई," आणि त्याने फोन ठेवला.

चार वाजता व्होल्टेज आलं. दुसऱ्या पंगतीला वरण गार मिळालं, पण कोणी बोललं नाही.

बाविसाव्या दिवशी तो आला. बॅग ओटीवर ठेवून, पाय न धुता पडवीत गेला. सहाही चालू होती. त्याने प्रत्येक मशीनवर एकेकदा तळहात ठेवला. नंतर खिडकीशी जाऊन लुंग्यांच्या तोंडाशी हात धरला, बराच वेळ. मी दारात उभी होते.

"गरम आहे," तो म्हणाला.

"हो."

मग त्याने एक नंबरपासून मशीनं बंद करायला सुरुवात केली. प्रत्येक बंद झाल्यावर घरातला आवाज थोडा कमी व्हायचा आणि तो थोडा थांबायचा. पाच बंद केली. सहाव्याच्या बटणावर बोट ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, नाही म्हणायलाही नाही आणि हो म्हणायलाही नाही. त्याने बोट काढून घेतलं.

पाच मशीनं त्याने पनवेलच्या मित्राला दिली. तो आता पुन्हा जहाजावर आहे. पडवीत एक मशीन आहे. आज सकाळी ते ६८ होतं, आणि मी त्याला तसं कळवलं.